गावांच्या मालकीचे रूळ

जपानच्या ईशान्येला, इवाते प्रांतात डोंगर थेट समुद्रात उतरतात. दोन डोंगरांमध्ये चिंचोळी खाडी, खाडीशी कोळ्यांचं गाव, आणि शेजारच्या गावाला जायचं तर घाट ओलांडायचा किंवा होडीनं वळसा घालायचा. १५ जून १८९६ च्या संध्याकाळी या खाड्यांमध्ये त्सुनामी शिरली आणि सुमारे २२,००० माणसं गेली. या किनाऱ्याला रेल्वे हवी, असा प्रस्ताव त्याच वर्षी सरकारकडे गेला. सानरिकु रेल्वेची मुळं तिथवर जातात.

मियाको ते कामाइशी हा मधला तुकडा सरकारी रेल्वेनं १९३९ पर्यंत पूर्ण केला. उत्तर आणि दक्षिण टोकांना मात्र १९७० च्या दशकाची वाट पाहावी लागली. १९७२ मध्ये मियाकोहून गाडी तारोपर्यंत आली, १९७५ मध्ये कुजीहून फुदाईपर्यंत. मधली जागा तशीच राहिली. तिथल्या कामाचा बराच भाग उरकला होता, पण राष्ट्रीय रेल्वे कर्जात बुडाली होती. १९८० च्या कायद्यानं तोट्यातले छोटे मार्ग सोडून द्यायचं ठरवलं आणि काम थांबलं.

गावांनी तेव्हा जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. प्रांत सरकार, किनाऱ्यावरच्या नगरपालिका आणि खासगी भागीदार यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये सानरिकु रेल्वे ही स्वतःची कंपनी काढली. उरलेले दुवे जोडले गेले आणि १ एप्रिल १९८४ रोजी कुजी–मियाको व कामाइशी–साकारी हे दोन मार्ग सुरू झाले. राष्ट्रीय रेल्वेनं सोडलेले मार्ग स्थानिकांनी अशा कंपनीमार्फत चालवायला घेतल्याचं जपानमधलं हे पहिलं उदाहरण.

गाडी म्हणजे बहुतेक वेळा डिझेलवर चालणारा एकच डबा, पांढरा, त्यावर लाल-निळे पट्टे. गार्ड नाही. मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून निघणारी आकड्याची चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या आकड्याखालचं भाडं स्टेशनागणिक वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकून पुढच्या दारानं बाहेर. बऱ्याच स्टेशनांवर कर्मचारी नसतात, म्हणून हिशेब गाडीतच मिटतो. पहिली दहा वर्षं कंपनी नफ्यात होती. पुढे गावं ओस पडू लागली, शाळकरी मुलं कमी झाली, घरोघरी मोटारी आल्या आणि तोटा सुरू झाला.

११ मार्च २०११. भूकंप झाला तेव्हा दक्षिणेकडची एक गाडी कुवादाई बोगद्यात थांबली आणि वाचली. उत्तरेकडे शिमानोकोशीचं स्टेशन त्याच्या उंच पुलासकट त्सुनामीत वाहून गेलं. मियाकोच्या मुख्यालयात वीज नव्हती. तेव्हा स्टेशनात उभ्या असलेल्या डिझेल डब्यात कंपनीनं आपत्ती कक्ष थाटला, कारण इंजिन चालू ठेवलं की दिवे लागत. वाचलेल्या रुळांची पाहणी करून १६ मार्चला, म्हणजे पाचव्या दिवशी, कुजी ते रिकुचू-नोदा गाडी धावली. २० तारखेला मियाको ते तारो. तिकीट नव्हतं. माणसं आप्तांच्या शोधात निघाली होती, पेट्रोल मिळत नव्हतं, रस्ते ढिगाऱ्याखाली होते. मालक त्याच गावांतले होते, म्हणून गाडी इतक्या लवकर निघाली, असं मी मानतो.

एप्रिल २०१४ मध्ये दोन्ही मार्ग पूर्ण सुरू झाले. कुवेतच्या मदतीतून नवे डबे आले. शिमानोकोशीला पुलाऐवजी मातीचा उंच भराव घातला, म्हणजे पुढच्या वेळी तोच लाटेला आडवा येईल. मधला ५५.४ किलोमीटरचा मियाको–कामाइशी तुकडा राष्ट्रीय रेल्वेची वारसदार असलेल्या जेआर ईस्ट कंपनीकडे होता. त्यावर बस चालवावी, असा त्या कंपनीचा प्रस्ताव होता, पण गावांना रेल्वेच हवी होती. शेवटी रूळ दुरुस्त करून तो सानरिकुच्या हवाली झाला आणि २३ मार्च २०१९ पासून साकारी ते कुजी असा १६३ किलोमीटरचा सलग मार्ग तयार झाला. सात महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, हागिबिस वादळानं बऱ्याच ठिकाणी रुळांखालची माती वाहून नेली. कंपनीनं तुकड्या-तुकड्यानं दुरुस्ती केली, आणि २० मार्च २०२० रोजी गाडी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागली.