नाभीचा शोध : ‘फास्ट’ लेन्स आणि डोळ्याची साक्ष

मुळशी खोऱ्यातील जुन्या कौलारू घरात आषाढ-श्रावणात छायाचित्र काढावयाचे झाले, तर उजेड येतो तो दारातून किंवा कौलांच्या मधोमध बसवलेल्या एखाद्या काचेतून. १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाच्या आठवणी ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, तेथील वृद्धांचे चेहरे टिपू पाहणाऱ्याला हाच उजेड वापरावा लागतो. फ्लॅशचा लखलखाट केला की घर हरवते आणि सांगणारी व्यक्ती गप्प होते. जेथे साध्या झूम लेन्सला एफ ५.६ वर एक-अष्टमांश सेकंद लागतो, तेथे एफ १.४ ची लेन्स सोळापट प्रकाश आत घेऊन तेच काम सुमारे १/१२५ सेकंदात करते. पहिल्या वेळेत बोलणारे ओठ पुसट होतात, दुसऱ्या वेळेत ते टिकतात.

मात्र ही उदारता फुकटची नव्हे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर ठेवून एक मीटरवरील चेहऱ्याकडे रोखली, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी फिल्मच्या काळच्या हिशेबानेदेखील जेमतेम तीन सेंटिमीटर भरते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर याच्या कितीतरी अधिक. तेव्हा कोणते तीन सेंटिमीटर, हा निर्णय कोणीतरी घ्यावयास हवा. आणि तो अंमलात आला की नाही, हे कोणत्या पृष्ठभागावर पाहावयाचे? छायाचित्रणाचा इतिहास आपण बहुधा कलावंतांच्या नावांनी सांगतो. आम्हांस तो या पृष्ठभागाच्या अंगाने पाहावासा वाटतो.

थोडे शब्दाविषयी. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत फोकसला ‘नाभी’ म्हणतात. नाभी म्हणजे चाकाचा तुंबा, जेथे सारे आरे येऊन मिळतात. लॅटिन ‘फोकस’चा मूळ अर्थ मात्र चूल, केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रात तो शब्द योजला. भिंगाने उन्हात कागद जाळणाऱ्या मुलाला चूल अधिक पटेल. आम्हांस आपला शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्यात किरणांची भूमिती आहे. असो.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण सुरू झाले. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडील आरंभीच्या व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक. त्या पिढीचा पृष्ठभाग म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीशी बसवलेली दुधी काच. डोक्यावर काळे कापड घ्यावयाचे, काचेवर उलटी पडलेली प्रतिमा न्याहाळावयाची, गरज पडल्यास वर छोटे भिंग धरावयाचे. जेथे काच, नेमकी तेथेच नंतर पट्टी येणार. म्हणून काचेची साक्ष खरी. तिची अडचण एवढीच की पट्टी सरकवली की छायाचित्रकार आंधळा होई. त्यानंतर समोरच्याने हलू नये, एवढीच प्रार्थना. जुन्या छायाचित्रांतील माणसे अशी खांबासारखी का बसलेली असतात, याचे उत्तर केवळ त्या काळच्या अदबीत नाही. लांबलेल्या वेळेचा आणि या आंधळेपणाचाही त्यात वाटा आहे.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने येते. १९११ नंतर चित्रपटांच्या अखंड ध्यासाने त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले, मुंबईचे डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परतली. त्यानंतर १९१२ मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली.

पुढे दुधी काच कॅमेऱ्याच्या माथ्यावर गेली आणि आरशाने तिच्यावर प्रतिमा पाडली. मध्यभागी दोन पाचरी बसवून रेषा तुटली की फोकस चुकला, जुळली की साधला, अशी सोय झाली. ‘झेनिट’सारखे सोव्हिएत कॅमेरे आपल्याकडे आले ते याच पठडीतले. या सोयीला एक गुप्त अट होती : प्रकाश आरशामार्गे काचेपर्यंत जेवढे अंतर चालतो, तेवढेच फिल्मपर्यंत चालला पाहिजे. एफ ५.६ वर ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला तर प्रत्येक बिंदू ०.००९ मिलिमीटरचा होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. एफ १.४ वर तोच फरक बिंदूला ०.०३६ मिलिमीटरपर्यंत फुगवतो आणि फिल्मच्या जमान्याने मान्य केलेली ०.०३ ची मर्यादा ओलांडतो.

खरी फसगत १९८५ नंतरची. मिनोल्टा ७००० ने स्वयंचलित फोकस रुजवला, त्यामागोमाग अंधाऱ्या झूम लेन्स घरोघर आल्या, आणि त्यांतूनही दृश्य उजळ दिसावे म्हणून पडद्याची जात बदलली. हे नवे पडदे सूक्ष्म भिंगांचे; ते सुमारे एफ २.५ किंवा २.८ इतक्याच शंकूतील किरण डोळ्यापर्यंत पोचवतात. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी हाच पडदा वारशाने घेतला. परिणामी एफ १.४ ची लेन्स लावली तरी डोळ्याला दिसते ती एफ २.८ ची खोली. संवेदकावर उमटते मात्र खरी, निम्मी. ज्याला शंका असेल त्याने असा कॅमेरा घेऊन द्वार एफ १.४ वरून २ वर आणावे आणि खोली तपासण्याचे बटण दाबावे : दृश्यात काहीच बदलत नाही. डोळा प्रामाणिक, हात स्थिर, आणि तरीही साक्ष खोटी. कित्येकांनी याचा दोष लेन्सला दिला, कित्येकांनी स्वतःच्या चष्म्याला.

त्यातच मोजपट्टीही बदलली. ०.०३ मिलिमीटरचा निकष हातभर अंतरावरून पाहिलेल्या कागदी छायाचित्रासाठी होता. पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहणारा वाचक त्याहून पाचपट बारीक ठिपका तपासतो. साहित्याच्या वर्गात सूक्ष्मवाचनाने अनेक कविता अशाच उसवल्या आहेत.

जुना पृष्ठभाग परत आला तो २००६ ते २००८ या काळात. संवेदकावरचीच प्रतिमा मागील पडद्यावर दाखवणारे ‘लाइव्ह व्ह्यू’ रुळले, आणि २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी १ ने आरसाच काढून टाकला. आता दहापट मोठी केलेली पापणी पाहून कडे फिरवता येते. ही दुधी काच आणि वरचे भिंगच होय, फक्त पट्टी सरकवल्यावरचा आंधळेपणा गेला. कडांना लाल-पिवळी रेघ ओढणाऱ्या ‘पीकिंग’विषयी आम्ही साशंक आहोत. ते फोकस मोजत नाही, कडेची तीव्रता मोजते. पांढऱ्या केसाला ते सहज भुलते आणि मंद उजेडातल्या बुबुळाला ओळखत नाही. मधल्या बिंदूवर डोळा साधून मग चौकट वळवण्याची सवयही येथे नडते : एक मीटरवर वीस अंश वळले की स्पष्ट प्रतल डोळ्याच्या सहा सेंटिमीटर मागे जाते. तीन सेंटिमीटरच्या हिशेबात हे म्हणजे कान. मोठे करून पाहावे, कडे जागेवर सोडावे आणि शरीरच किंचित पुढेमागे झुलवीत दोनतीन चित्रे घ्यावीत, हाच मार्ग आम्हांस सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

सिनेमावाल्यांची युक्ती याहून सरस. ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मध्ये मेणबत्तीच्या उजेडासाठी स्टॅन्ले कुब्रिकने झाइसची एफ ०.७ लेन्स वापरली, तेव्हा फोकस सांभाळणाऱ्या डग्लस मिल्सम यांनी काटकोनात एक व्हिडिओ कॅमेरा ठेवून नटाचे पुढेमागे होणे बाजूने मोजले. म्हणजे समोरून पाहणे पुरेसे नाही, हे त्यांनी मान्य केले होते.

आरसा गेल्याने कॅमेऱ्याची कंबर बारीक झाली. माउंटपासून संवेदकापर्यंतचे अंतर पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास होते, ते विशीच्या आसपास आले, आणि मधल्या मोकळ्या जागेत एक साधे कडे बसवून झेनिटची पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चढू लागली. तिला तारा नाहीत, चिप नाही. त्यामुळे अशा छायाचित्राच्या माहितीत तारीख, वेळ, सेकंदाचा भाग सारे नोंदलेले असते. लेन्सच्या नावापुढे बहुधा रेघ असते आणि द्वाराच्या जागी शून्य.