अर्धवट भिंत आणि नदीतली वाळू

जुलै उजाडला की कोल्हापुरातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो : राधानगरीचा दरवाजा उघडला. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. कितवा उघडला यावरून पंचगंगेची पातळी किती चढणार आणि कुठला रस्ता बंद होणार, याचे अंदाज सुरू होतात. हे धरण आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते कित्येक वर्षं अर्धवट पडून होतं, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं.

शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. परतल्यावर त्यांनी संस्थानातल्या पाटबंधाऱ्यांकडे नेटानं लक्ष घातलं. भोगावती नदी अडवायची ठरली. लेकीच्या, राधाबाईंच्या नावानं राधानगरी वसली आणि धरणाचं काम सुरू झालं. 1918च्या सुमारास भिंत साधारण 40 फुटांवर आली आणि पैशांअभावी काम थांबलं. 6 मे 1922 रोजी महाराज गेले, तेव्हा धरण अपुरंच होतं. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि धरण पुरं व्हायला 1950चं दशक उजाडलं.

म्हणजे इच्छा होती, इंजिनिअर होते, नदी होती, राजा स्वतः पाठीशी होता. तरी पैसा आटला आणि भिंत थांबली. राजाच्या धरणाची ही गत, तर एखाद्या दुष्काळी गावानं स्वतःच बंधारा बांधायचं मनात आणलं तर त्याचं काय होत असेल?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. शेजारच्या सांगली जिल्ह्यात येरळा नदीच्या काठी ते सापडतं.

संप, दुष्काळ आणि येरळा

येरळा खटावच्या बाजूनं येते आणि खाली ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर्षातला बराच काळ ती कोरडी असते, पण तिच्या पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. काठच्या विहिरींना त्या वाळूतूनच झिरपून पाणी मिळतं. वाळू गेली की विहिरी खोल जातात, मग आटतात. हे सांगायला भूजलतज्ज्ञ लागत नाही, काठावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला ते माहीत असतं.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या घराघरातनं माणसं गिरणीत होती. महिन्यामागून महिने गेले आणि त्यातली बरीच जण गावी परतली. खानापूर तालुक्यातही परतली. गावात दुष्काळ. हाताला काम म्हणजे रोजगार हमीवर खडी फोडणं. यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिच्या कार्यकर्त्यांत डॉ. भारत पाटणकर होते. त्यांचा प्रश्न साधा होता : सरकार दुष्काळात मजुरी देतंच आहे, तर त्या मजुरीतून पुढचा दुष्काळ हटेल असं काम का निघू नये?

याच काळात येरळेच्या पात्रातून ठेकेदार वाळू उपसत होते. लिलाव महसूल खात्याचा, ट्रक ठेकेदाराचे, बांधकामं शहरातली. गावाच्या वाट्याला फक्त खोल गेलेल्या विहिरी.

पैसा नदीतच होता

बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळेवर स्वतःचा बंधारा घालायचं ठरवलं. बलवडीचे संपतराव पवार त्यात पुढे होते. आराखड्यासाठी के. आर. दाते यांच्यासारखा नामवंत इंजिनिअर मदतीला आला. राहिला प्रश्न पैशांचा.

गावकऱ्यांचं म्हणणं असं : नदीतली वाळू ठेकेदारानं उपसून न्यायची आणि आम्ही अनुदानाची वाट बघायची, हे उलटं आहे. वाळूवर पहिला हक्क काठच्या गावाचा. त्यातली थोडी वाळू आम्ही विकू आणि त्या पैशांतून बंधारा बांधू.

हे सहज मान्य झालं नाही. वाळूसाठी आणि बंधाऱ्याच्या परवानगीसाठी झगडावं लागलं. शहरांतल्या सहानुभूतीदारांनी पैशांची मदत केली, गावानं श्रम दिले. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात बंधारा उभा राहिला. त्याला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण.

नावाइतकीच महत्त्वाची होती ती पाणीवाटपाची अट. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घराघराला समान द्यायचं, भूमिहीनांनाही. ही अट आणि पैशांचा प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत असं मला वाटतं. नदीची वाळू सगळ्या गावाची. तिच्या पैशातून बांधलेल्या बंधाऱ्याचं पाणी फक्त बागायतदारांचं, असं मग कोण म्हणणार? पैसा कुठून आला, यावर पाणी कुणाचं हे बरंचसं ठरतं.

यात एक धोकाही होता, तो लपवायचं कारण नाही. ज्या वाळूमुळे विहिरींना पाणी, तीच विकून पैसा उभा करायचा. जास्त विकली तर मुद्दलच संपणार. म्हणून 'थोडी वाळू' यातला 'थोडी' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. आज हाच मार्ग तसाच्या तसा गिरवता येणार नाही. 2012च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान क्षेत्रातल्या वाळू उपशालाही पर्यावरण मंजुरी लागते आणि ते योग्यच आहे.

दुसरा हप्ता

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे प्रोजेक्टचं फंडिंग थांबलं तर कोड सर्व्हरवर पडून राहतो, दोन वर्षांनी उघडला तरी जागेवर असतो. नदीतल्या कामाचं तसं नसतं. पाणी ओसरल्यावर काम सुरू करायचं आणि मृगाच्या आत हातावेगळं करायचं, एवढाच वेळ हातात. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर यातून फाईल फिरत राहिली आणि हप्ता मार्चअखेरीस पडला, तर उरतात दोन महिने. अर्धा राहिलेला मातीचा बांध पहिल्या पुरात वाहून जातो. पुढच्या वर्षी सुरुवात शून्यातून, आणि खर्च वाढलेला.

माणसांचंही तेच. मजुरी थकली की माणूस ऊसतोडीला जातो, नाहीतर शहर गाठतो. नंतर पैसे आले तरी ती माणसं गावात नसतात. थोडा पण वेळेवर येणारा पैसा, मोठ्या पण बेभरवशाच्या पैशापेक्षा गावाच्या जास्त कामाचा, तो यामुळेच.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी हे फार आधी ओळखलं होतं. पुण्यात कारखाना चालवणारा हा इंजिनिअर 1972च्या दुष्काळानंतर नायगावला गेला आणि तिथल्या कामातून पाणी पंचायत उभी राहिली. उपसा योजनेच्या खर्चाची त्यांची विभागणी ठरलेली होती : 50 टक्के सरकारी अनुदान, 30 टक्के त्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज आणि 20 टक्के शेतकऱ्यांचा वाटा. पाणी माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क आणि उसाला बंदी. कोल्हापूरकराला ही शेवटची अट जड जाईल, पण हिशोब स्पष्ट आहे. एका उसाच्या पाण्यात अनेक घरांची ज्वारी-भाजी होते.

मोठा पैसा, मोठं बिल

याच्या दुसऱ्या टोकाला सरकारी भव्य योजना. कृष्णा पाणी तंटा लवादानं महाराष्ट्राला 560 टीएमसी पाणी दिलं होतं आणि त्या निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होऊ शकणार होता. तोवर पाणी अडवायची घाई झाली. म्हणून 1996 साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि सरकारच्या हमीवर रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला गेला. एकाच वेळी असंख्य कामं निघाली, नंतर निधी अपुरा पडला. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांची लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

या लढ्यात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर आटपाडीत पाणी परिषदा भरवत राहिले. मागणी येरळेकाठचीच : पाणी द्या आणि समान द्या.

योजना सुरू झाल्यावर नवा प्रश्न आला, विजेच्या बिलाचा. पंप उभे, कालवे तयार, पण बिल थकलं म्हणून पाणी बंद, असे प्रकार झाले. शेवटी 81-19 हे सूत्र ठरलं : 81 टक्के बिल सरकारचं, 19 टक्के शेतकऱ्यांचं. सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे आकडे पाठ आहेत. बांधायचा पैसा आणि चालवायचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे ठेच लागून कळलं.

आपल्या वाडीवर

गगनबावडा आणि शाहूवाडीत पाऊस धो-धो पडतो, तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवर हंडे रिकामे असतात. तिथे झरा बांधून काढणं, लहान टाकी, पाईपलाईन अशी कामं निघतात. कुठे सरकारी योजनेतून, कुठे एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून, कुठे लोकवर्गणीतून. उद्घाटनाचा फोटो सगळीकडे फिरतो. मोटर जळाल्यावरचा फोटो कुणी काढत नाही.

तुमच्या गावच्या ग्रामसभेत असं काम मांडलं गेलं, तर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिला हप्ता आल्यावर दुसरा कधी आणि कुणाच्या सहीनं येणार? तो आला नाही तर पावसाआधी किती काम पुरं होऊन टिकेल? आणि पाच वर्षांनी मोटर, वीज, दुरुस्ती यांचे पैसे गावाच्या कुठल्या उत्पन्नातून निघतील?

तिसऱ्या प्रश्नाला गाव सहसा गप्प होतं. बलवडीकरांनी त्याच गप्पपणात नदीकडे पाहिलं होतं आणि विचारलं होतं, ही वाळू कुणाची? प्रत्येक गावाला वाळू नसेल. पण गायरान असेल, बाजाराची जागा असेल, तळ्यातल्या मासेमारीचा ठेका असेल. त्याचे पैसे आज कुठे जातात, हे ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात लिहिलेलं असतं. तो जमाखर्च ग्रामसभेत मागता येतो.