उबदार हिवाळ्यांनी जुळवलेलं घराणं

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या जंगलांत उडत्या खारींचं एक नवं घराणं उभं राहिलं आहे. त्यातल्या खारींचे आईबाप वेगवेगळ्या जातींचे.

उत्तरेकडची जात अंगाने मोठी, सूचिपर्णी जंगलांत रमणारी. जमिनीतली बुरशी आणि झाडांवरचं दगडफूल खाऊन ती लांबलचक हिवाळा काढते. दक्षिणेकडची जात वजनाने जेमतेम निम्मी. तिची भिस्त ओक, हिकरी, बीच या झाडांच्या बियांवर. एवढ्याशा जिवाला थंडी सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात कितीतरी जणी एकाच ढोलीत अंगाला अंग भिडवून राहतात.

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून हिवाळे ओळीने सौम्य गेले आणि ही धाकटी खार सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला सरकली. मग बियांचा हंगाम बुडाला, पाठोपाठ २००३-०४चा कडाक्याचा हिवाळा आला आणि मिळवलेला मुलूख तिच्या हातून गेला. पण मधल्या वर्षांत सोयरीक जमली होती.

ती उघडकीला आली २०१०मध्ये. कॉलिन गॅरोवे, जेफ बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टारिओ आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या खारींचे डीएनए तपासले. संकरित पिल्लाकडे निम्मा वारसा एका जातीचा, निम्मा दुसऱ्या जातीचा. त्याने पुढे यांपैकी एका जातीत जोडीदार शोधला, की नातवंडांत परका वारसा पावभर उरतो. अशी नातवंडंही सापडली. म्हणजे संकर वांझ नव्हता. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा पुरावा. ही सोयरीक पुरातन असती, तर परक्या वारशाचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या झिरपत दोन्ही जातींत दूरवर पसरले असते. तसे ते पसरलेले नव्हते. घराणं कोवळं आहे, हे त्यावरून कळलं. तापत्या हवामानाने दोन जाती एकत्र आणल्या आणि त्यांचा संकर झाला, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मला काळजी वाटते ती थोरल्या खारीची. पेनसिल्व्हेनियात ती आधीच धोक्यात आलेली आहे. धाकटीच्या आतड्यात एक सूत्रकृमी असतो. तिला त्याचा फारसा उपद्रव नसतो, पण थोरलीला तो बाधतो असं दिसतं. ढोली सामायिक झाल्या की कृमीलाही नवं घर मिळतं. एखाद्या कडक हिवाळ्याने धाकटी पुन्हा मागे हटेलही. थोरलीच्या वंशात मिसळलेला तिचा वारसा मात्र उत्तरेतच राहील.