गाण्याचे पैसे कोण देतं?

फोनवर गाणं लावलं आणि मधेच जाहिरात आली की आपला अंगठा आपोआप 'स्किप'कडे जातो. पाच सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं. कुणी ना कुणी म्हणतंच, पूर्वी गाणं कसं शुद्ध होतं, या कंपन्यांनी नासवलं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे गाणं ध्वनिमुद्रित व्हायला लागलं तेव्हापासून त्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी काहीतरी विकतंय. बदलत गेला तो हिशोब: पैसे कोण देतं, आणि गाण्यावर नाव कुणाचं लागतं. हा हिशोब मी तिरोड्यातून मांडतोय, कारण लहान गावात तो लवकर कळतो.

सुरुवात १९०२ पासून करू. त्या वर्षी कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी गायली. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर रंगणारी चीज त्यांनी तेवढ्यात बसवली आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. तबकड्यांच्या प्रती तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला निघत. तिथल्या कारागिरांना गाणारं कोण आहे ते कळावं म्हणून ही सोय होती. तीच पुढे त्यांची ओळख बनली. रीलसाठी गाणं तीस सेकंदांत कापतात म्हणून आज आपण हळहळतो, पण यंत्राच्या मापाने गाणं बेतायची सवय सव्वाशे वर्षं जुनी आहे.

नाव मात्र सगळ्यांना मिळालं नाही. १९४९ च्या 'महल'मधलं गाणं देशभर गाजलं, तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलेलं होतं. कामिनी हे सिनेमातलं पात्र. आवाज लता मंगेशकरांचा होता. गाणारीच्या नावासाठी लोकांना विचारणा करावी लागली.

मग आलं १९५२. त्या वर्षी पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. रेडिओवर शास्त्रीय संगीत वाजावं हा त्यांचा आग्रह. सिनेमाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, म्हणून आकाशवाणीने गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं थांबवलं. निर्माते चिडले, आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

गाणी गेली कुठे? श्रीलंकेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. सरकारने जे गाणं नाकारलं, ते एका टूथपेस्टने घरोघरी पोचवलं. निवेदक अमीन सायानी सिनेमाचं आणि गायकाचं नाव असं रंगवून सांगत, की नाव ऐकणं हाच कार्यक्रमाचा अर्धा आनंद झाला. आमच्या लोहमार्गावरच गोंदियाच्या पुढे राजनांदगाव आणि भाटापारा लागतात. रेडिओच्या फर्माइशींमध्ये ही गावं देशभर माहीत झाली. पोस्टकार्डावर नाव लिहायचं आणि ते हजारो मैलांवर ऐकू जायचं! आजच्या भाषेत सांगायचं तर तो 'शाउटआउट' होता.

आकाशवाणीने हट्ट सोडला तो टप्प्याटप्प्याने. १९५७ साली विविध भारती आली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी तिच्यावर पहिल्यांदा जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. दिल्ली आणि मद्रासच्या आधी नागपूर! जाहिरातीचं गाणं, म्हणजे जिंगल, ऐकणाऱ्यांत विदर्भ अगदी पहिल्या रांगेत होता. विकोच्या जिंगल आठवा. ही कंपनी काढणारे केशव विष्णू पेंढारकर मूळचे नागपूरचे, आणि कंपनी सुरू झाली तीही १९५२ सालीच. टीव्ही आल्यावर ते सूर लहान मुलांनासुद्धा पाठ झाले. पण ते कुणी रचले, कुणी गायले, हे किती जणांना सांगता येईल? जाहिरातीने संगीतकाराला काम दिलं, मानधन दिलं, नाव मात्र फक्त मालाचं घेतलं.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि काही वर्षांसाठी हिशोब उलटा झाला. कॅसेट स्वस्तात भरता येत होती. मोठ्या कंपनीचा स्टुडिओ नसला तरी चालत होतं. आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा फायदा भीमगीतांना झाला. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जे गाणं जिवंत ठेवलं होतं, त्याला रेडिओवर फारशी जागा नव्हती आणि त्यावर साबण विकायला कुणी येणारही नव्हतं. ते कॅसेटवर आलं आणि नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी विकलं जाऊ लागलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या भागातून गाड्या भरून माणसं जातात. परतताना पिशवीत पुस्तक असे, आणि कॅसेटही. माझ्या घरी अशा कॅसेट अजून आहेत. कव्हरवर गायकाचा फोटो, कवीचं नाव, किंमत, सगळं छापलेलं. इथे मधे जाहिरातदार नव्हता. ऐकणाऱ्याने खिशातून दिलेल्या पैशावर ते गाणं उभं होतं.

मग मोबाईल शॉपी आली. मेमरी कार्ड द्या, गाणी भरून घ्या. पैसे दुकानदाराला, गायकाला शून्य. त्यानंतर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सगळं गाणं यूट्यूबवर गेलं. आता आपण पुन्हा बिनाकाच्या जमान्यात आहोत असं वाटतं: गाणं फुकट, पैसे जाहिरातदाराचे. पण फरक मोठा आहे. बिनाकाने कार्यक्रम विकत घेतला होता. ऐकणारे सगळे एकच जाहिरात ऐकत. आजचा जाहिरातदार ऐकणारा माणूसच विकत घेतो. तुमचं वय, गाव, काल काय शोधलंत, त्यावर जाहिरात ठरते. गाणं कोणतं चालू आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

आणि वाटणी? यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला साधारणपणे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम मिळत नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. मुंबईच्या कंपनीला हे आकडे म्हणजे चिल्लर. झाडीबोलीत गाणाऱ्या आमच्याकडच्या पोरासाठी मात्र ती भिंत आहे. गाणं आवडलेली आठशे माणसं असतील तर जुन्या काळी आठशे कॅसेट खपल्या असत्या. आज आठशे वेळा ऐकलेल्या गाण्याचे स्पॉटिफायवर शून्य रुपये होतात. कायदा २०१२ साली सुधारला, गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. पण ज्या व्हिडिओखाली कवीचं नावच लिहिलेलं नाही, तिथे हक्क मागायचा कुणी आणि कुणाकडे?

म्हणून मला झाडीपट्टी रंगभूमीचं अर्थकारण महत्त्वाचं वाटतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर, धान घरात आलं की मंडई, शंकरपट आणि रात्रभरची नाटकं सुरू होतात. वडसा हे या धंद्याचं केंद्र. नाटकात गाणी लागतातच, आणि ती रंगमंचाजवळ बसलेले वादक जिवंत वाजवतात. लोक तिकीट काढतात, वादकाला त्या रात्रीचे पैसे मिळतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. इकडे ते माहीतच होतं.

यूट्यूबला शिव्या देऊन काही होणार नाही. तिथे आमच्या गायकाला कॅनडातला माणूसही ऐकू शकतो, हे कॅसेटला कधी जमलं नसतं. पण फुकट ऐकण्याचे पैसे कुठून येतात आणि कुठे थांबतात, हे ऐकणाऱ्याला माहीत हवं. गाणं आवडलं तर ते मूळ गायकाच्या चॅनेलवर आहे की कुणीतरी उचलून टाकलंय, एवढं बघायला दहा सेकंद लागतात. गायकाचं पोट भरतं ते कार्यक्रमाच्या तिकिटावर, आपल्या लाइकवर नाही.

जाहिरात कशी असावी याचा नमुनाही इथेच सापडतो. नाटकाच्या दिवशी भोंगा लावलेली गाडी आजूबाजूच्या गावांतून फिरते. नाटकाचं नाव, कंपनीचं नाव, कलाकारांची नावं एकेक करून पुकारली जातात. ती जाहिरातच असते. फक्त तिच्यात विकायचा माल म्हणजे ते नाटकच असतं, आणि ते करणाऱ्यांची नावं तिच्यातून कधी गाळली जात नाहीत.