विमानाचे वस्त्र आणि त्यावरील लेप

हलक्या लाकडाच्या विमान-प्रतिकृतीवर रेशीम किंवा पातळ कागद चढविणाऱ्याला एक चमत्कार हटकून अनुभवास येतो. कितीही काळजीने चिकटविले तरी ते आवरण प्रथम सैलच राहते. बोट लावताच आत दबते. मग कुंचल्याने त्यावर ‘डोप’ नावाचा लेप दिला जातो. लेपातील द्रावक उडून जातो, उरलेला पापुद्रा आकसतो आणि आकसताना कापडालाही ओढून घेतो. पाहता पाहता तेच कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताणले जाऊन टिचकीला नाद देऊ लागते. खोलीत उग्र वास मात्र बराच वेळ रेंगाळतो. या वासाला एक इतिहास आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचा नाही.

राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडविले, त्याच्या पंखांवर साधी, न धुवट मलमल होती. तिला असला कोणताही लेप नव्हता. कापडाचे धागे तिरपे येतील अशा बेताने ते बेतून त्यांनी कापडाकडूनच सांगाड्याला बळकटी मिळविली. काही क्षणांच्या उड्डाणाला एवढे पुरेसे होते. परंतु विमान दिवसचे दिवस उघड्यावर राहू लागले, पावसात भिजू लागले, तेव्हा कोरडे कापड चालेना. दमट हवेत ते ढिले पडे, आणि ढिल्या पंखाची उचलण्याची शक्ती घटते. म्हणून लेप आला.

आरंभीचा लेप नायट्रो-सेल्युलोजचा, म्हणजे बंदुकीच्या धूररहित दारूच्या जातकुळीतला होता. कापड तो सुरेख ताणी. पण ठिणगी पडताच भडके. युद्धात गोळ्या झेलणाऱ्या विमानाला असले वस्त्र नेसविणे म्हणजे जळता पलिताच अंगाशी बांधणे. साहजिकच सेल्युलोज अॅसिटेटचा, सहजी पेट न घेणारा लेप पुढे आला. पण तो विरघळवायचा कशात? अॅसिटोन उत्तम खरे. परंतु पुढे तोफांच्या कॉर्डाइटलाही तेच हवे झाले. टेट्राक्लोरोइथेन हा द्रावक मात्र आगीपासून निर्भय होता, आणि त्याचा वास क्लोरोफॉर्मसारखा गोडसर. वैमानिकाला आगीपासून वाचविण्यासाठी निवडलेला हा पदार्थ कारागिरांच्या जिवावर उठला.

१९१४ साली लंडनजवळील हेंडन येथील विमान-कारखान्यात कामगारांना कावीळ होऊ लागली. मळमळ, ग्लानी, मग डोळे पिवळे. काहींचे यकृत झिजून मृत्यू ओढवला. चौकशीचे काम विल्यम विल्कॉक्स यांजकडे आले. क्रिपेन खून-खटल्यात मृत देहातील विष शोधून काढणारे वैद्य ते हेच. लेपातील निरनिराळ्या घटकांच्या वाफा त्यांनी उंदरांना हुंगवून पाहिल्या, आणि दोषी द्रावक हाती लागला. विल्कॉक्स, स्पिल्सबरी आणि कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग यांनी १९१५ मध्ये या नव्या प्रकारच्या काविळीचे वर्णन प्रसिद्ध केले.

उपाय मात्र सोपा नव्हता. दमट किंवा गार हवेचा झोत लागला की ओल्या लेपावर पांढुरके डाग उमटतात आणि काम वाया जाते. यासाठी लेप देण्याच्या खोल्या उबदार आणि बंदिस्त ठेवल्या जात. चांगल्या पंखाला जी हवा हितकर, तीच कुंचला धरणाऱ्याला घातक. त्यात ही वाफ हवेहून कितीतरी जड; छतातील झरोक्यांनी ती बाहेर पडणे कठीण, जमिनीलगत पंखे बसवून ती ओढावी लागे. युद्धामुळे पुरुष रणांगणावर गेले होते आणि या खोल्यांत तरुण स्त्रियांची संख्या वाढत होती. हाती येणारा पगार खरा होता. वासाचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता.

१९१६ च्या जानेवारीपासून विषबाधेने होणारी कावीळ आढळताच सरकारला कळविणे ब्रिटनमध्ये सक्तीचे झाले. अन्य द्रावकांच्या मिश्रणांनी टेट्राक्लोरोइथेनची जागा घेतली आणि विमान-कारखान्यांतील हा रोग ओसरला. पुढे मोठ्या विमानांना धातूची कातडी आली, तरी हौशी कारागिराच्या बाटलीत डोप टिकून राहिला, द्रावक बदलून. ती बाटली उघडताना खिडकीही उघडी ठेवावी, ही सूचना आजही तिच्या सोबत असते.