गिरणीचा अर्ज ते शूटिंगचा करार

औद्योगिक संबंध हा विषय मालक, कामगार आणि सरकार या तिघांच्या व्यवहाराचा. मजुरी, कामाचे तास, नेमणुका, तंटे आणि ते मिटवण्याच्या रीती त्यात येतात. इंग्लंडात सिडनी व बीट्रिस वेब यांच्या १८९० च्या दशकातल्या ग्रंथांनी त्याचा पाया घातला. मुंबईत त्याआधीच कामगारांचा अर्ज आला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, १५ तारखेच्या आत पगार आणि जखमी कामगाराला भरपाई, अशा त्यातल्या मागण्या. सूर्यास्त हीच सवलत वाटावी, असे ते दिवस होते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये पदरात पडली.

सरकारने मोजदाद सुरू केली ती संपांचा तडाखा बसल्यावर. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे लेबर ऑफिस उभे राहिले. त्याचे संचालक फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांचे जमाखर्च घरोघरी टिपून घेतले. १९२३ च्या त्यांच्या अहवालाचा एक निष्कर्ष सरकारलाच अडचणीचा ठरला: गिरणी कामगाराच्या वाट्याचे धान्य तुरुंगाच्या नियमांत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्याहून कमी होते. एवढे बोलके वाक्य पुढच्या जाडजूड अहवालांतही क्वचितच सापडते.

कारखान्यातली खरी सत्ता मात्र जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात होती. गावाकडून माणसे आणणे, बदलीवाल्याला कामावर घेणे, दस्तुरी उकळणे, हे सगळे तोच करी. १९३४ च्या कायद्याने नेमलेला लेबर ऑफिसर हा त्याला दिलेला शह होता. पुढे १९३८ च्या कायद्याने संपावर बंधने आणली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनकडे दिला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या कामगार नेते दत्ता सामंतांच्या गिरणी संपात नेमका हाच सांधा निखळला: कामगार एकीकडे, मान्यताप्राप्त संघ दुसरीकडे.

दरम्यान अभ्यासाला संस्था मिळाल्या. १९३६ मध्ये स्थापन झालेली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, आणि परळच्या सरकारी श्रमविज्ञान संस्थेला आज लोखंड्यांचे नाव आहे.

गिरणगावावर कपाटे भरतील एवढे लिहिले गेले. त्याच मुंबईतल्या जुहूच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. इथली रोजंदारी हॉटेलांत, बंगल्यांत आणि शूटिंगच्या सेटवर. लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअपवाले यांना ना गेट ना हजेरीपट. मालक चित्रपटागणिक बदलतो. १९८१ चा सिने-कामगार कायदा म्हणूनच लेखी करारापासून सुरू होत होता. करार केल्याशिवाय निर्मात्याने कामगार नेमू नये, तंटा झाल्यास तो समेट अधिकाऱ्याकडे आणि तिथून न्यायाधिकरणाकडे जावा, अशी त्यात तरतूद होती.