दुष्काळातील आनंद : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक ह्यांची साक्ष

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला उपासमार हा निव्वळ ग्रंथगत विषय वाटत नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली. त्या वेळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत होता, पालघर जिल्हा पुढे २०१४ साली अस्तित्वात आला. अशा प्रदेशाचा परिचय असलेल्या अभ्यासकाच्या हाती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांतले ख्रिस्ती लेखन पडले, आणि त्यात पानोपानी आनंदाचा उच्चार आढळला, तर त्याने प्रथम साशंक व्हावे हेच उचित होय. लोकांनी पोटासाठी धर्म बदलला, हा आक्षेप त्या काळीही घेतला जात होता. मिशनांचे अहवाल बहुधा परदेशस्थ देणगीदारांसाठी लिहिले जात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि दोन स्त्रियांच्या साक्षी ह्या संशयाला पुरून उरतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोघींच्याही कथनात धर्मांतर आणि आनंद ह्या दोन घटना एकाच दिवशी घडत नाहीत, हे त्या मताचे मुख्य कारण.

रमाबाईंना दुष्काळ बालवयातच भेटला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत पुराणे सांगणारे ब्राह्मण. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील अन्नटंचाईत प्रथम वडील, मग आई आणि त्यापाठोपाठ थोरली बहीण, अशी तिघे गेली. जवळचे द्रव्य दानधर्म आणि व्रतवैकल्ये ह्यांत संपून गेले होते. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला; पती बिपिनबिहारी मेधावी ह्यांना १८८२ मध्ये पटकीने नेले. पदरी एक तान्ही मुलगी, मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सोयीचे चरित्र लिहायचे असते तर आनंदाची नोंद येथेच झाली असती. रमाबाईंनी ती केली नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले ते हे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र अद्याप सापडलेला नाही. मनाची तळमळ शांत झाली ती त्यानंतर. हे विधान कोणत्याही मिशनच्या सोयीचे नव्हते. ज्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला त्यांच्या तर मुळीच नव्हते. साक्षीपुराव्याच्या शास्त्रात अशा अडचणीच्या कबुलीला वजन असते.

ह्या आनंदाची किंमतही लगेच मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले व वर्षभराने पुण्यास आणलेले शारदासदन हे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी पुणेकर पुढाऱ्यांची समजूत होती. रमाबाई आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करीत आणि सदनातील काही विधवा मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले व अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पुणेकरांचा राग सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. अंतःकरण भरून आलेल्या माणसाला तटस्थतेचा करार पाळणे जड जाते, एवढे खरे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना केडगावी घेऊन आल्या. १८९९-१९०० च्या महादुष्काळात गुजरातकडूनही मुली आल्या आणि मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. भुकेल्या मुलींत त्यांना स्वतःचे बालपण दिसत होते, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०५ मध्ये केडगावी जी धार्मिक जागृती झाली, तिच्या वर्णनात रडणे आणि हर्ष एकमेकांत मिसळलेले आढळतात. मात्र ही वर्णने प्रायः इंग्रजीत आणि दुसऱ्यांच्या लेखणीतून उतरलेली आहेत. त्या मुलींच्या मनाविषयी त्यांवरून ठाम अनुमान काढू नये.

ही उणीव एका मराठी ग्रंथाने काही अंशी भरून निघते. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबक ह्या वाटेने नाशिकला उतरले की गोदाकाठचे जलालपूर जवळच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तेथला, १८६८ चा. त्यांचे पती नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंची कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने, बराच काळ पंढरपुरात, गेली. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे आणि चूल वेगळी होती. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा पडला : जातिभेद मनुष्यनिर्मित आहे असे मनाने घेतले, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय झाला, आणि नंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे'त हे सारे त्या स्वतःचीच थट्टा करीत सांगतात. ही थट्टा इतिहासकाराने गंभीरपणे घ्यावी. आपल्या दुःखावर हसता येणे ही आनंदाची खूण अहवालातील उद्गारांहून अधिक विश्वसनीय आहे.

आणखी एक गोष्ट भाषेची. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन ह्यांची जोड दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. ह्या पुलाचा विचार करताना आपण तुकोबांच्या भक्तीकडे पाहतो, दुष्काळाकडे सहसा पाहत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. विठ्ठलाच्या ठायी सापडलेल्या सुखाची त्यांची वाणी त्या आपत्तीनंतरची आहे. म्हणजे हालअपेष्टांनंतरच्या आनंदाला मराठीत शब्द आधीच घडलेले होते, आणि नगरच्या ख्रिस्ती मंडळीने ते उचलले. परदेशी चालीवर बसविलेल्या अनुवादित गीतांना ते साधले नसते.

रमाबाईंच्या अखेरच्या काळात हीच कसोटी पुन्हा लागली. त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून, बायाबापड्यांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते. कन्येच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते सोडले नाही, पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. केडगावच्या छापखान्यातून तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याच्या छपाईला मुक्तिसदनातल्या स्त्रियांचे हात लागले होते.